नानानं मारलेली गाठ

मंडळी, वहिनी, मधुकर,

नानावर बोलायला मला उभं केलं, ही नानाचीच शेवटची खोडी समजा. मी कापसाचा अडत्या. माझा आवाज लिलावात चालतो, अशा जागी चालत नाही. काल तेरवी झाली, आज ही शोकसभा. सांभाळून घ्या.

नाना गेला. गावाचा गुरुजी गेला, अन् माझा भांडायचा माणूस गेला. आता मी भांडू कोणाशी?

ही समोर, त्याच्या फोटोजवळ, लाल कापडात बांधलेली पोथी. साऱ्या गावाला ठाऊक आहे, पण आतून किती जणांनी पाहिली? नानाच्या पणजोबांच्याही आधीची. हातकागदावर काजळीच्या शाईनं लिहिलेलं आकाशाचं गणित. सूर्य-चंद्राची चाल, गेरूनं काढलेली ग्रहणांची वर्तुळं. नागपूरचे एक विद्वान पाहून गेले. म्हणाले, अशी दुसरी आमच्या पाहण्यात नाही. नानानं त्यांना चहा पाजला अन् पोथी परत बांधून ठेवली.

लोक त्याच्याकडे पोरीच्या लग्नाचं विचारायला यायचे. नाना भडकायचा. "अरे, गरन कवा लागते ते यात हाय. तुह्या पोरीचं कवा जुळते ते नाई!" अन् मग स्वतःच जाम गावापर्यंत पायपीट करून त्या पोरीसाठी स्थळ पाहून यायचा.

ग्रहणात आपण सारे दारं लावून बसायचो. नाना मात्र शाळेच्या अंगणात. समोर परातीत हळदीचं पाणी, अन् त्या पाण्यात सूर्य. एकदा ग्रहण सुटल्यावर मी डिवचलं, "नाना, तुही पोथी चुकली. सांगतली ते वेळ टळून गेली, मंग लागलं गरन." वाटलं, आता रागावते. पठ्ठ्या खूश! "चुकली ना? मंग लिहू." समासात त्यानं फरक लिहिला. वर त्याच्या बापाचं अक्षर होतं, त्याच्याही वर आज्याचं. प्रत्येकानं पोथीची चूक काढली होती, अन् प्रत्येकानं तिला जपलं होतं. "पोथी अशीच जित्ती राह्यते," नाना म्हणाला.

आपल्या शाळेतले वाघमारे गुरुजी मागच्या रांगेत बसले आहेत. गेल्या दसऱ्याला ते नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. नानाच्या ओसरीवर मी खवचटपणे विचारलं, "गुरुजी, आता पोथीले हात लावान का?" ते म्हणाले, "पोथ्या सोडल्या जी. पर हे गनित हाय. गनित तपासता येते." नाना आतून ओरडला, "मंग काऊन उभे हा? पाटी घ्या!" तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी पाटीवर आकडे मांडायचे. अन् भांडायचे. मला हेवा वाटायचा, खरं सांगतो.

उद्या सकाळी ही पोथी धाम नदीत सोडायचं ठरलं आहे. मधुकर, तू नानाचा मुलगा, तुझा यात दोष नाही. तुमच्या घरची रीतच आहे. वाचणारा नसला की पोथी उपाशी राहते, मग तिला पाण्यात सोडायची. मी रीत मोड म्हणत नाही, तेवढी माझी छाती नाही. मी म्हणतो, रीत नीट पाळ. वाचणारा नसला तर ना?

वाघमारे गुरुजी, जरा उभे राहा.

पाहा मंडळी. वाचणारा आहे.

कुजबूज ऐकू येते मला. येऊ द्या. माझ्यावर राग धरा, पोथीवर नको. निवाडा वहिनींचा. ग्रहणाच्या दिवशी नानाजवळ एकट्या त्याच तर बसायच्या. वहिनी, सांगा. काय? जरा मोठ्यानं...

मंडळी, ऐकलं? मागच्यांसाठी परत सांगतो. वहिनी म्हणतात, "वाचनारा असून नदीत काऊन सोडू? गुरुजी, पुढच्या गरनाले परात मी भरून ठेवीन. तुमी वेळेवर येजा."

मधुकर, तू डोळे पूस. बापासारखा आहेस, रडताना हसतोस.

आता सारे उभे राहू. एरवी घड्याळ पाहून शांत उभं राहतात. आज घड्याळ नको. वहिनी गुरुजींसाठी पोथीचं कापड सोडतील, अन् गाठ सुटेपर्यंत आपण गप्प राहू. ती नानानं मारलेली शेवटची गाठ आहे. घट्ट असेल.

वहिनी, सावकाश सोडा. आम्ही उभे आहोत.