शेवटचा दाणा

कामठीहून नागपूरला निघालेल्या बसमध्ये पुढच्या सीटवर दोघं दबक्या आवाजात बोलत होते. चारुशीलाबाईंचे कान आपोआप तिकडे लागले.

"खाप्याच्या खोदकामात सापडलेली शेकडो वर्षांची ज्वारी आठवते ना, जितेंद्र? सरांनी तिचा शेवटचा दाणा प्रयोगशाळेत पेरला. त्याच कुंडीत मी गुपचूप एक ताजा दाणा टाकला गा."

"काहून वं?"

"आधीचा एकही उगवला नाही. सर खचून राहिले होते. मले पाहवलं नाही."

"रितिका, त्यांनी आज पेपरवाले बोलावले. आत्ताच फोन लाव."

"काय सांगू?"

"खरं ते सांग. उगवला तो तुह्यावाला दाणा आहे."

चारुशीलाबाईंचा स्टॉप मागे गेला.

"तेच तर सांगता येत नाही गा. कुंडीत दोन कोंब दिसून राहिले."