मालक मागं बघत न्हाय

…आणि वर म्हणतोय, मागनं कुणी बोलायचं न्हाय. आता तुम्हास्नी सांगतो, आठ माणसांचा बँड, त्यातला एक मालक, उरलेल्यांनी बोलायचं न्हाय तर करायचं काय? पिरनवाडीचा हा रवळूअण्णा, काल-परवापर्यंत चारचौघांत बसून क्लारनेट फुंकणारा माणूस, पण मामाच्या माघारी बँड ह्याच्याकडं आला, आन् बेळगावच्या कॅम्पात ह्यानं गोऱ्या पलटणीचा बँड बघितला. तिथं सगळ्यांच्या पुढं एक साहेब नुस्ती काठी घेऊन चालतोय, फुंकत न्हाय, बडवत न्हाय, वळूनसुदिक बघत न्हाय… झालं. लिलावातनं लाल कोट आणला, काठीला पितळी मूठ बसवली, क्लारनेट घरात खुंटीला टांगलं. ढोलवाला भरमू, मामाच्या वेळचा माणूस, हळूच म्हणाला, "अण्णा, वळणावर तेवढं मागं बघत जावा." तर म्हणतो कसा, "भरमू, मालक मागं बघत न्हाय."

बरं, न्हाय तर न्हाय.

सदलग्याला लगीन. देवळातला गुरव मांडवाची वाट सांगाय लागला, "लिंबाच्या झाडापाशी…" तर ह्यानं हात वर केला, आमाला ठावं हाय म्हणाला. ठावं कुठलं हो, उभ्या जन्मात सदलगा बघितला न्हवता. निघाली नवरदेवाची मिरवणूक. पुढं रवळूअण्णा, छाती ही अशी, मागं बँड, त्याच्या मागं घोडा, वऱ्हाड. लिंबापाशी वऱ्हाड वळलं डावीकडं आन् रवळूअण्णा उजवीकडं. भरमूनं हाक मारली, "अण्णा…" ह्याच्या मनात काय? मालक मागं बघत न्हाय. बँडवाले मुकाट ह्याच्या मागं, हुकूमच तसा. पुढं एका दारात माणसं जमलेली, वाजंत्री बघून समदी उठून उभी ऱ्हायली, ह्याला वाटलं मान देत्यात, काठी आणखी उंच केली. आन् मागनं एकेक वाद्य बंद पडत गेलं, आधी ताशा, मग बिगुल, शेवटी भरमूचा ढोल. चिडून वळला, तर सगळ्यांच्या टोप्या हातात. परत पुढं बघितलं, तर अंगणात तिरडी बांधायचं काम चाललेलं.

काय करावं माणसानं? काठी पाठीमागं लपवली, पण लाल कोट कुठं लपवणार? तेवढ्यात आतनं बाळाबाई आली, तिचाच नवरा पहाटं गेलेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वाट चुकलासा व्हय बाबा? मांडव पलीकडच्या आळीत हाय. जावा, अक्षता खोळंबतील."

इतकंच म्हणाली.

परतताना रवळूअण्णा सगळ्यांच्या मागं, कोट काढून काखेत, मान खाली. मांडवाच्या दारात नवरीचे वडील मारुतीराव लालबुंद, "कुठं तडमडला हुतासा?" भरमू पुढं झाला, म्हणाला, "चूक आमची, धनी. वाट आमी चुकलो." ज्यानं हाक मारली त्यानंच चूक पदरात घेतली म्हटल्यावर ह्याचे कान तापले, गर्दीतनं घुसत आला, हात जोडले.

"चूक माझी हाय."

"तू कोण रं?"

"मी… मालक."

मारुतीरावांनी ह्याच्याकडं बघितलं, भरमूकडं बघितलं. "मालकाशी आत्ताच बोलणं झालंय आमचं," म्हणाले, "तू जा, वाजव."

आता वाजवायचं तरी काय? क्लारनेट तर घरात खुंटीला. रवळूअण्णानं भरमूकडं बघितलं. भरमू खालच्या आवाजात म्हणाला, "पेटाऱ्यात झांजा हायत्या, अण्णा."

घेतल्या की झांजा… काय करतोय.