नव्या ऑफिसचा नकाशा

आमच्या ग्रामपंचायतीच्या नव्या ऑफिसचा ठराव कसा झाला, ते ऐका. मी सदस्य, त्यामुळं समोरच बसलो होतो.

निधी मंजूर झालेला, नकाशा टेबलावर पसरलेला. सरपंचांची केबिन, आत त्यांचं बाथरूम, बाहेर हॉल. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर सदस्य सुनंदाकाकू. नकाशा बघून म्हणाल्या, "आमी बायांनी कुठं जायाचं?"

जुन्या ऑफिसातही बायांची सोय नव्हतीच.

सरपंच म्हणाले, "काकू, एवढ्या पैशात न्हाई बसत. फुडच्या वेळंला बघू."

"बरं," म्हणून काकू उठल्या.

"कुठं निघाला?"

"घरी. जाऊन येते."

काकूंचं घर पार वरच्या वाडीत. त्यात बरेच सदस्य सारोळ्याला लग्नाला गेलेले. ग्रामसेवक म्हणाले, "कोरम मोडला. काकू येईपर्यंत ठराव घेता येणार नाही."

बसलो सगळे वाट बघत. बऱ्याच वेळानं काकू घामाघूम होऊन आल्या. ग्रामसेवकांनी ठराव वाचायला घेतला, तर त्या परत उठल्या.

"आता काय झालं?" सरपंच वैतागले.

"शुगर हाय मला, बाबा. सारखं जावं लागतं. मुद्दाम करते व्हय मी?"

सरपंचांनी नकाशा स्वतःकडं ओढला. मग ग्रामसेवकांना म्हणाले, "माझी केबिन काढा. म्या हॉलात बसंन. तितं बायांसाठी संडास-बाथरूम घ्या."

काकू खाली बसल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला, तशा म्हणाल्या, "माझी सही आधी घ्या. आता खरंच जायाचंय."