बेपोने काय खाल्लं

विंकाच्या लेकीला, येल्काला, जुळे मुलगे झाले त्या वर्षीची ही गोष्ट. विस बेटावरचं घर बंद करून विंका बाळंतपणाला स्प्लित शहरात लेकीकडे आली होती. घराची किल्ली तिने दिराकडे, फ्रानेकडे, दिली होती आणि मांजरही त्याच्याच भरवशावर सोडलं होतं. अकराव्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा एक बाळ तिच्या खांद्यावर होतं आणि दुसरं पाळण्यात भोकाड पसरून रडत होतं.

— हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … जरा मोठ्याने बोला हो, इथे पोरं रडतायत… पेरिना? कुठली पेरिना? … आपल्या गल्लीतली?

समोरच्या घरातली पेरिना झांकी. दोघींच्या खिडक्यांत चार हातांचं अंतर, आणि गेली तीन वर्षं दोघींत साधा रामराम नव्हता.

— हो, बरे आहेत. दोघेही. … हो, येल्कापण. … नाकं आमच्या वळणावर गेलीत. हे विचारायला फोन केलास होय? … मग? … बेपो? काय झालं बेपोला? … तुझ्याकडे? तुझ्याकडे काय करतोय तो? मी त्याला फ्रानेकडे ठेवलाय! … 'आला' म्हणजे काय? मांजर असं आपणहून येत नाही, पेरिना. त्याला बोलवावं लागतं. बशी वाजवावी लागते. मला काय ऐकू येत नव्हतं? सकाळ-संध्याकाळ तुझी ती टिंग टिंग…

— हो, हो, ऐकतेय… अगं, पण तू आधी माझं ऐक ना!

— … काय करतोय म्हणालीस? … परत सांग. … कपडे धुवायच्या टबात जाऊन बसतो. आणि? … कण्हतो. … थेंबसुद्धा नाही? … कधीपासून? … कालपासून?

विंका भिंतीजवळच्या स्टुलावर बसली. मे महिन्यात हेच झालं होतं. लघवीत खडे धरून वाट बंद झाली होती, आणि बोटीने स्प्लितला आणून जनावरांच्या डॉक्टरणीकडून नळी घालून घ्यावी लागली होती. आणखी एक दिवस गेला असता तर मांजर गेलंच होतं.

— पोट बघितलंस? … हळू हाताने बघ, दाबू नकोस. … लिंबाएवढं? घट्ट? … आणि ओकला? कितीदा? … अगं, मग काल का नाही फोन केलास मला! … फ्राने काही बोलला नाही? तो काय बोलणार! दुपारनंतर त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. … पहाटे सापडला? कुठे? … उपड्या होडीखाली. देवा रे.

— तू बोलतेयस कुठून? मागे कसला गलबला? … धक्क्यावरच्या हॉटेलातून? आणि तो? … द्राक्षांच्या टोपलीत? वर काय झाकलंस? … चालेल, चालेल, पण तोंडाकडे मोकळं ठेव, वारा लागू दे. … बोट कितीला आहे? … साडेअकराला. म्हणजे वीस मिनिटं. घेऊन कोण येतंय, फ्राने? … तू?

विंका हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं.

— तू बोटीत बसणार? सख्ख्या बहिणीच्या मातीला आली नाहीस तू, पोटात ढवळतं म्हणून! चौदा वर्षांत बेट सोडलं नाहीस. आणि आता माझ्या मांजरासाठी… माझ्या, पेरिना. माझं मांजर आहे ते. माझ्या निकोलाने कोटाच्या खिशात घालून आणलेलं. … हो, माहीत आहे तुझाही जीव आहे त्याच्यावर. तेच तर! चाळीस वर्षं ऐकलं मी, 'पेरिनासारखं माशाचं कालवण कुणाच्या हाताला येत नाही.' माझ्या टेबलावर बसून, माझंच कालवण ओरपत! नवरा गेला, म्हटलं, सुटले बाई ऐकण्यातून. तर आता मांजर!

— … मी नाही ओरडत. बाळ ओरडतंय.

— डॉक्टरणीला फोन झाला? तू केलास? तुला नंबर कुणी दिला? … तिनेच? कधी? … मे महिन्यात, ती त्याला पुन्हा तपासायला बेटावर आली तेव्हा धक्क्यावर गाठलंस. वा! म्हणजे कागदही असेल तुझ्याकडे. माझ्या मांजराचा कागद. … नको, वाचून दाखवू नकोस, मला पाठ आहे. कोरडे दाणे बंद. मासा बंद, काटा तर मुळीच नाही. मीठ नाही. कोंबडी नाहीतर टर्की, भोपळ्यात शिजवून, सुपासारखी पातळ. दिवसातून चारदा, थोडं थोडं. पाण्याची भांडी तीन ठिकाणी. आहे का नाही पाठ? … सगळं करत होते मी! रविवारी एकदम शिजवायचे, डबे भरून फ्रिजमध्ये लावायचे. आणि हा काय करायचा? वास घ्यायचा, पाय झटकायचा, आणि शेपूट वर करून निघाला तुझ्याकडे! तुझ्याकडे मात्र बशी चाटून लख्ख. का, ते मला ठाऊक आहे, पेरिना. बोलत नव्हते एवढंच.

— मासे! खारवलेल्या तारल्या! दुसरं काय! तुझ्या पिंपातल्या! त्याच बाधल्या त्याला. डॉक्टरणीला खरं काय ते सांगून टाक, लपवू नकोस. … शपथा कशाला घेतेस? … काय नाही? … पिंपच नाही? कधीपासून?

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. खांद्यावरचं बाळ झोपलं, तरी विंका त्याला थोपटतच राहिली.

— … रक्तदाब. … मीठ वर्ज्य. दोन उन्हाळे झाले? … मला कुणी सांगितलं नाही. … हो, आपण बोलत नव्हतो, तेही खरंच. … मग त्याला घालत काय होतीस तू? … कोंबडी. … भोपळा. … कागदावरचंच? अगं, मग तेच तर मी घालत होते! … कोमट करून? किती कोमट? … नुकत्याच मारलेल्या उंदराइतकं? डॉक्टरीण म्हणाली असं? … मला नाही म्हणाली. … विचारलं असतं तर म्हणाली असती. बरं. मी गारच द्यायचे. फ्रिजमधून काढला डबा की तसाच.

शेगडीवर पातेल्यातल्या पाण्यात बाळांच्या दुधाची बाटली ठेवलेली होती. विंका दर वेळी मनगटावर थेंब टाकून बघितल्याशिवाय ती कुणाच्या तोंडाला लावत नसे.

— आहे, आहे… ऐकतेय. काय विचारलं डॉक्टरणीने? … गेल्या दोन आठवड्यांत काय खाल्लं? मला काय माहीत! अकरा दिवस मी इथे लंगोट धुतेय. फ्रानेला विचार. … विचारलंस? काय म्हणाला? … बरणी? कसली बरणी? … माझ्या घरात अशा छप्पन्न बरण्या असतात. … तो दारुडा काहीही सांगेल, तू काय ऐकत बसलीस! … संपली? सगळी? अगं, रोज एक सांगितली होती मी त्याला!

हे तोंडून निघून गेलं. विंकाने डोळे मिटून घेतले. आतल्या खोलीत येल्का कूस बदलत होती, तिचा पलंग करकरला.

— … पेरिना? … आहेस ना?

— … हो. मीच.

— ऑगस्टपासून. आधी आठवड्यातून एखादी. … अगं, धुऊन! तीनदा पाण्यातून काढायची, मग व्हिनेगरमधून, पाहुण्यांना वाढतो तशी. आई तशीच करायची. एवढी धुतल्यावर मीठ राहतं कुठे? … राहतं? … मला वाटलं, नाही राहत. … काटा? … नाही, काटा नाही काढला. त्याला कुरकुरीत आवडतं. आता पाठ होतं ना मला, काटा नको म्हणून. पाठ होतं.

— कशासाठी म्हणजे? तुला कळत नाही? खिडकीत ठेवायचे मी. आमच्या खिडकीत. मग तो आमच्या खिडकीत बसायचा, तुझ्याकडे पाठ करून. तू मोरीवर भांडी घासता घासता मान वर करायचीस. बघायचीस. मला पडद्याआडून दिसायचं. … तेवढ्यासाठी. बाकी काही नाही, तेवढ्यासाठीच. आणि इकडे यायची वेळ आली तेव्हा वाटलं, इतके दिवस हा तुझ्या पायरीवर राहिला तर मला विसरून जाईल. म्हणून बरणी भरून ठेवली.

— … बोल ना काहीतरी. शिव्या दे.

— … वेळ नाही? … बरं, बरं. मग नीट ऐक. बोटीत बसायच्या आधी डॉक्टरणीला परत फोन कर. सांग, खारवलेल्या तारल्या, काट्यासकट, ऑगस्टपासून. आणि गेले अकरा दिवस, दिवसाला किती कोण जाणे. … नाही, 'घरच्यांनी' नको. 'कुणीतरी घातल्या' असंही नको. माझं नाव घे. मांजर कुणाचं, ते विचारेल ती. माझं म्हणून सांग. तारल्याही माझ्याच. दोन्ही सांग.

— हो, हो, मी येते ना धक्क्यावर. जावई गाडी आणेल. … दोनच्या आधी. … तू लिंबू हुंगत राहा. वर बसू नकोस, खालच्या मजल्यावर मधोमध बस, तिथे कमी हलतं. बाहेर बघू नकोस. … आणि पेरिना, त्याला टोपलीतच असू दे हं. मांडीवर घेऊ नकोस. … का म्हणजे? मी सांगते म्हणून! अकरा दिवस मी नाही, त्यात तुझ्या मांडीवर दोन तास… नको.

फोनमधून बोटीचा भोंगा ऐकू आला. त्याच्यामागे, अगदी बारीक, आणखी एक आवाज होता.

— तो आहे का तो? … कण्हतोय तो? … मला ऐकू दे. फोन टोपलीजवळ धर. अगं धर ना! … बेपो? … बेपो, मी आहे. … मी आहे रे, राजा. …

— … पेरिना. पेरिना, ऐक. घे त्याला. मांडीवर घे. कान गार पडले असतील, हाताने चोळ. पोटाला मात्र धक्का लावू नकोस. तू बोलतेस ना त्याच्याशी, खिडकीतून, ते… ते बोलत राहा. मला चालेल. … नाही, रडत नाहीये मी. … जा आता, शिडी काढतील. जा. … आणि त्याला सांग की… हॅलो? … हॅलो, पेरिना?

फोन बंद झाला होता. विंकाने बाळाला पाळण्यात ठेवलं, येल्काला उठवलं आणि जावयाच्या गाडीची वाट न बघता, पायातल्या घरच्या सपाता न बदलताच जिना उतरली. बोट यायला दोन तासांहून जास्त वेळ होता. तेवढा वेळ ती धक्क्यावर उभी राहिली. बसायला बाक होतं, पण बसली नाही.

बोट वेळेवर आली. पेरिना सगळ्यांच्या शेवटी उतरली.

बेपो वाटेतच मेला. शोल्टा बेट डाव्या हाताला होतं आणि एक वाजून गेला होता. त्या दिवशी ऑक्टोबरची अकरा तारीख होती, गुरुवार, साल २००१. तो नऊ वर्षांचा होता.