पिशवीखालचं स्टूल

आम्ही पणजोबांपासून म्हैसूरचेच, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि मी पीयू कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, म्हणजे दरवर्षी तेच, दोरीला वजन टांगलं की दोरीत ताण, वजन खालून टेकवलं की ताण गेला, मुलं जांभया देतात, मी शिकवते.

आमचे हे कडकोळच्या कारखान्यात मशीनवर, दिवसभर उभ्याचं काम, आणि स्कूटरवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. काय सांगू तुम्हाला, हृदय आधीच अधू, डॉक्टर म्हणाले भूल झेपणार नाही, हाड ओढून धरूनच जुळवायचं. मग घरीच कॉटच्या पायथ्याला कप्पी बसवली, पायाला पट्टी, पट्टीला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, आणि टोकाला वाळूची पिशवी लोंबती. पिशवी पाय ओढते म्हणून हाड सरळ राहतं, नाहीतर मांडीचे स्नायू आखडतात आणि तुकडे एकमेकांवर चढतात, हे मी घरात सगळ्यांना सांगितलं, परत परत सांगितलं.

मी कॉलेजात गेले की ह्यांच्याजवळ वन्सं, ह्यांची थोरली बहीण, नंजनगूडहून रोज बसने यायच्या, भावासाठी डबा घेऊन. एकदा कॉलेज लवकर सुटलं, घरी येते तर हे गाढ झोपलेले, आणि पिशवी स्टुलावर, दोरीला झोळ. वन्सं, हे काय, म्हटलं, तर म्हणाल्या अय्यो, दोरी आहे की जागेवर, तुटली का, पोरगं दुपारभर कण्हतं, जरा टेकवली तर काय आभाळ कोसळलं? कधीपासून, म्हटलं, तर म्हणे रोजच, तू यायच्या आधी सोडते. ह्यांना जाग आली, म्हणाले तिला बोलू नको, मीच सांगितलं, तुझं फिजिक्स तुझ्या पोरांना शिकव, मला साकु, पुरे झालं. मी स्टूल ओढून काढलं. हे ओरडले, वन्सं रडत स्वयंपाकघरात गेल्या, मी स्टूल गच्चीवर नेऊन टाकलं.

पण उशीर झाला होता. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं, तुकड्यावर तुकडा चढून. पाय आखूड झाला, उभ्याचं काम गेलं, आता घरीच असतात.

वन्सं अजून येतात. संध्याकाळी ह्यांना कोपऱ्यापर्यंत चालवतात, हे सगळा भार त्यांच्यावर टाकतात, त्या वाकून जातात, ह्या वयात. देव त्यांच्या हातात बळ ठेवो, मनापासून म्हणते. माझा हात हे धरत नाहीत.