सापाची छाती

तुम्ही हसाल, पण मी ओव्याच्या पुरचुंडीनं साप शेकलाय.

कुवेतच्या थंडीत ह्यांच्या पाळलेल्या सापाला सर्दी झाली. तोंड उघडं, नाकाशी बुडबुडे आणि श्वासाला शिट्टी. गुरांच्या डॉक्टरनं औषध दिलं आणि म्हणाला, ऊब द्या. मी त्या जनावराला कधी हात लावला नव्हता. पण तीच शिट्टी गेल्या महिन्यात माझ्या तान्ह्या सलमाच्या छातीत ऐकली होती. मी तव्यावर पुरचुंडी तापवली.

हे म्हणाले, “अगो, सापाची छाती कुठं असते?”

“शिट्टी वाजते तिथं. धरा नीट.”

पाचव्या दिवशी शिट्टी थांबली. ह्यांना बघवेना. “गेला काय गो?”

मी पहिल्यांदाच त्याच्या अंगावर बोट ठेवलं. बोट हळूच वर उचललं गेलं.

“झोपलाय,” मी म्हटलं. “सलमापण बरी झाली तेव्हा अशीच झोपली होती.”