फाटकाचं चित्र मागणारं मशीन

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, रुग्णालयातले डॉक्टर, परिचारिका, संगणक कक्षातले माझे सहकारी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण सारे जमलो त्या आमच्या वहिनी,

अध्यक्षांनी मला मोजकं बोलायला सांगितलंय. मोजकं बोलणं आमच्या खात्याला जमलं असतं, तर तुमच्या तक्रारींना आम्ही एवढी लांबलचक उत्तरं दिली असती का? असो.

यांना सगळे वहिनी का म्हणतात, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. यांचे यजमान आधीपासून आमच्याच संगणक कक्षात होते. त्यांना आम्ही दादा म्हणायचो, म्हणून या वहिनी. वयानं मोठे असलेले अधीक्षकसाहेबही वहिनीच म्हणतात! दादांची पाळी सकाळची, वहिनींची दुपारची. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र दादांच्या पडद्याच्या कोपऱ्यात कायम उघडं असायचं. वहिनी फाटकात दिसल्या की दादा चहा टाकायचे. मग एके दिवशी दादा अचानक गेले. त्यांचं मशीन वहिनींनीच भंगारात काढलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली एक दुपार सांगतो. आपल्या तपासण्यांची आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याचीही चित्रं तीन सर्व्हरवर एकसारखी ठेवलेली असतात. एक अडला तर दुसरा आहेच. त्या दुपारी पहिला सर्व्हर रेंगाळायला लागला. शस्त्रक्रियागृहात एक लहान मुलगी टेबलावर, आणि तिच्या मेंदूचं चित्र पडद्यावर उतरेना. सर्जनसाहेबांचा फोन आला, "अहो, पोरीला भूल दिलीय मी! चित्र कुठंय?"

डिस्क ठीक, मेमरी ठीक, केबल बदलून पाहिली. शेवटी वहिनींनी पहिला सर्व्हर बाजूला काढून सगळं काम दुसऱ्यावर वळवलं. चित्र अर्धं उतरलं, आणि दुसराही तसाच रेंगाळला.

"दुखणं सर्व्हरचं नाही," वहिनी म्हणाल्या. "कुणीतरी याच्याकडून त्याच्याकडे गेलंय."

जरा समजावून सांगतो. एखाद्या मशीननं फाइल घेतली की सर्व्हर त्याला शब्द देतो, ही बदलली की तुला कळवीन. बदलली की कळवतो, आणि पोच येईपर्यंत बाकीची कामं अडवून थांबतो. आमचा सर्व्हर कुणाला तरी कळवत होता आणि पोच येत नव्हती. तरी तेच मशीन पुन्हा पुन्हा एकच फाइल मागत होतं. फाटकाचं चित्र, क्षणोक्षणी बदलणारं. मी मशीनचा पत्ता पाहिला. पत्ता दादांच्या मशीनचा होता.

धावत त्यांच्या टेबलापाशी गेलो. टेबल रिकामं. भिंतीतल्या जोडणीत केबल नव्हती, नुसती धूळ. तो पत्ता दुसऱ्या कुणाला दिलेला नव्हता. मेलेल्या मशीनची नोंद जुन्या सर्व्हरवर राहून गेली, तर समजू शकतो. पण ते नव्या सर्व्हरकडे जाऊन नव्यानं मागेल कसं? मी पत्ता अडवला. मागणी येतच राहिली.

"तिसऱ्यावर वळवू या?" मी विचारलं.

"नको. ते तिकडेही येतील."

मंडळी, मशीन 'येईल' म्हणतात, 'येतील' नाही.

वहिनी उठून खाली गेल्या. मी पडद्यावर पाहत होतो. भर उन्हात त्या फाटकात उभ्या राहिल्या, मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघत काहीतरी बोलल्या. चित्र बदललं. सर्व्हरनं कळवलं. आणि पोच आली.

एकच. मग मागणी थांबली. सर्व्हर मोकळा झाला, मुलीचं चित्र सरसर उतरलं. ती बरी होऊन आपल्या पायांनी घरी गेली.

"वहिनी, काय बोललात?" मी नंतर विचारलं.

"म्हटलं, मी आलेय. आत एक लेकरू खोळंबलंय. तुम्ही जा आता."

एवढं बोलून त्या कामाला लागल्या. त्यांचे डोळे मी पाहिले नाहीत. माझी हिंमत झाली नाही.

उद्यापासून त्यांच्या खुर्चीत मी बसणार. काल कार्यभार घेताना मी विचारलं, तो पत्ता नव्या मशीनला देऊ का? म्हणाल्या, "दे. त्यामागे आता कुणी नाही."

वहिनी, तुमचा शब्द मी आजवर कधी मोडला नाही. हा एक मोडतोय. माझा हात धजत नाही.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी बोलू नये ते बोललो असेन, तर मोठ्या मनानं पदरात घ्या.